मिले मिलिया १९५५: जेन्किन्सनच्या गुंडाळीत नेमकं काय होतं? तशी पेटी बनवायची आहे

कोलशेतकर_११०० (ठाणे)

नमस्कार मंडळी. ऐरोलीत जुन्या गाड्यांचं छोटं प्रदर्शन ठरतंय, त्यात एक टेबल इटलीच्या मिले मिलिया शर्यतीसाठी राखलंय. नुसते फोटो आणि तारखांचा फलक लावण्यापेक्षा लोकांना हाताने फिरवून बघता येईल अशी वस्तू ठेवावी असं ठरलं: १९५५ साली ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसून पत्रकार डेनिस जेन्किन्सन ज्यातून मार्ग वाचत होता ती कागदी गुंडाळीची पेटी. नंतर तीच पेटी पावसाळा संपल्यावर होणाऱ्या ऐरोली–ठाणे–मुरबाड टीएसडी (वेळ-वेग-अंतर) रॅलीत नॅव्हिगेटरला, म्हणजे मार्ग सांगणाऱ्या साथीदाराला, वापरता आली तर उत्तम.

विचारायचं ते असं. गुंडाळीवर रस्त्याचा नकाशा होता की आणखी काही? साध्या रस्त्यांवर ताशी १५७ किमीची सरासरी पडली कशी? त्यांच्या गाडीचा नंबर ७२२ च का? हल्ली दरवर्षी होते ती हीच शर्यत आहे का, आणि तिथे आपली डुक्कर फियाट किंवा पद्मिनी चालेल का? पेटी कशाची करावी, किती मापाची, आणि अशा पेट्यांत बिघडतं काय? इतिहास सांगणाऱ्यांनी कृपया फलकावर लिहिता येईल इतकं पक्कं सांगावं.

---

नौपाडा_गॅरेज

गुंडाळीपासून सुरुवात करतो, कारण फलकावर चूक होण्याची सगळ्यात मोठी जागा तीच आहे. तो नकाशा नव्हता. हिशोब करून बघा: १९५५ चा मार्ग सुमारे १,५९७ किमी, गुंडाळीची लांबी साधारण पाच मीटर. किलोमीटरच्या वाट्याला ३ मिमी कागद येतो. एवढ्यात फूता आणि रातिकोसा खिंडींतली वळणं कोण काढणार? त्यावर होती फक्त निवडक ठिकाणांची क्रमवार यादी: जिथे घात होऊ शकतो अशी वळणं, रेल्वे फाटकं, खड्डे, गावातली अडचणीची कोपरी, आणि जिथे पलीकडचं काही दिसत नाही पण रस्ता सरळ आहे असे चढ. धोक्यानुसार वळणांचे तीन वर्ग केले होते आणि प्रत्येक वर्गाला वेगळी हातखूण. उघड्या गाडीत इंजिनाच्या आवाजापुढे बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. आपण कुठे आहोत हे रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून ताडून बघायचं.

वेळ कमावली ती त्या आंधळ्या चढांवर. एकटा बसलेला ड्रायव्हर पुढचं दिसत नाही म्हणून पाय उचलतो. मॉसने उचलला नाही, कारण शेजारचा हात सांगत होता की पलीकडे सरळ आहे. हजार मैलांत असे चढ किती येतात याचा विचार केला की बत्तीस मिनिटांचं अंतर समजतं. त्याच कंपनीची तशीच गाडी एकट्याने चालवणारा हुआन मान्युएल फांजिओ दुसरा आला, तो एवढ्या फरकाने. त्याच्या गाडीच्या इंधन इंजेक्शनमध्ये वाटेत बिघाड झाला होता, तेही फलकावर लिहा, नाहीतर फांजिओवर अन्याय होईल. कल्पना मुळात अमेरिकन ड्रायव्हर जॉन फिच आणि जेन्किन्सन यांच्या चर्चेतून आली. फिच स्वतः त्या वर्षी मर्सिडीज ३०० एसएल घेऊन पाचवा आला.

आकडे हे घ्या. तारीख १ मे १९५५. गाडी मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलआर, एका ओळीत आठ सिलिंडर, २,९८२ सीसी, साधारण ३०० अश्वशक्ती, थेट इंधन इंजेक्शन. वेळ १० तास ७ मिनिटं ४८ सेकंद. सरासरी ताशी १५७.६५ किमी. हा विक्रम पुढच्या दोन शर्यतींत मोडला नाही आणि त्यानंतर शर्यतच उरली नाही.

७२२ म्हणजे सुटण्याची वेळ, सकाळी ७ वाजून २२ मिनिटं. ही पद्धत १९४९ पासूनची. लहान इंजिनाच्या गाड्या आदल्या रात्रीपासून सुटत, मोठ्या शेवटी. त्यामुळे वेगवान गाड्यांना दिवसभर मंद गाड्या ओलांडतच जावं लागे. १९४९ पूर्वीच्या गाडीचं मॉडेल ठेवणार असाल तर तिच्या नंबरावरून वेळ काढू नका.

आता मागचा इतिहास. पहिली इटालियन ग्रां प्री १९२१ मध्ये ब्रेशियाजवळ मोंतिकियारीला झाली. पुढच्याच वर्षी मोन्झाचा ट्रॅक तयार झाला आणि शर्यत तिकडे गेली. ब्रेशियाकरांना ते लागलं. आयमो माज्जी, फ्रांको माझ्झोत्ती, रेन्झो कास्तान्येतो आणि पत्रकार जोव्हान्नी कानेस्त्रिनी या चौघांनी ट्रॅकच्या नादी न लागता थेट रस्त्यावरची शर्यत काढली: ब्रेशिया ते रोम आणि परत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा मार्ग, लांबी हजार मैलांच्या आसपास, म्हणून मिले मिलिया. मार्च १९२७ च्या पहिल्या शर्यतीत ७७ गाड्या सुटल्या. ब्रेशियाच्याच ओएम कारखान्याच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले. विजेते मिनोया आणि मोरांदी यांना २१ तास ४ मिनिटं लागली, सरासरी ताशी सुमारे ७७ किमी.

१९३० मध्ये ताझियो नुव्होलारीने सरासरी शंभरच्या वर नेली, १९३८ मध्ये क्लेमेंते बिओन्देत्ती १३५ ला पोचला. बिओन्देत्तीने ही शर्यत चार वेळा जिंकली (१९३८, ४७, ४८, ४९), इतर कोणी एवढ्यांदा जिंकली नाही. एकूण २४ शर्यतींपैकी फक्त तीन परदेशी ड्रायव्हरांकडे गेल्या: १९३१ रुडॉल्फ काराच्चिओला, १९४० फॉन हान्श्टाइन आणि बॉयमर, १९५५ मॉस.

फलकावर एकच आलेख काढायचा असेल तर सरासरी वेगाचा काढा. अठ्ठावीस वर्षांत ७७ वरून १५७. डांबर सुधारलं, पण झाडं, पुलांचे कठडे, घरांचे उंबरे आणि रस्त्याला खेटून उभी राहणारी माणसं होती तिथेच राहिली. १९३८ मध्ये बोलोन्यात एक लान्चिया अप्रिलिया गर्दीत घुसली, दहा माणसं गेली, त्यातली सात मुलं. सरकारने बंदी घातली. १९४० ची शर्यत ब्रेशिया–क्रेमोना–मान्तुआ या बंद त्रिकोणावर नऊ फेऱ्यांची झाली. १२ मे १९५७ ला ग्विदिद्झोलोजवळच्या सरळ रस्त्यावर आल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा सहकारी एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक ठार झाले, त्यात पाच मुलं. एन्झो फेरारींवर खटला चालला आणि १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. शर्यत तिथेच संपली. पुढची काही वर्षं नाव राहिलं, पण रॅलीच्या रूपात.

---

वागळे_फिटर

पेटीचं सांगतो. माप आतून बाहेर काढायचं असतं: आधी कागद, मग रोलर, शेवटी पेटी.

कागद ८० मिमी रुंद, ५ मीटर लांब, साधा ८० जीएसएमचा. त्याची जाडी साधारण ०.१ मिमी. १२ मिमी रोलरवर ५ मीटर गुंडाळला की बाहेरचा व्यास जवळपास २८ मिमी होतो. म्हणून रोलरच्या दोन्ही टोकांना ३६ मिमीच्या चकत्या बसवा, २ मिमी ॲल्युमिनियमच्या चालतील. चकत्यांमधलं अंतर ८२ मिमी. कागदाला एका बाजूला १ मिमी मोकळीक पुरते. जास्त ठेवलीत तर कागद तिरका गुंडाळत जाऊन कडेला चिरतो.

पेटी आतून २४० बाय ९२ मिमी, खोली ५० मिमी. दीड मिमी ॲल्युमिनियमची शीट बेंडिंगवर वाकवून पॉप रिव्हेट मारा. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे एमआयडीसीत एवढं छोटं काम करून देणारे मिळतात, फक्त ड्रॉइंग मिमीमध्ये न्या. रोलरची मध्यरेषा दोन्ही टोकांपासून २५ मिमीवर, म्हणजे दोन रोलरमध्ये १९० मिमी. चकत्या वगळून मधे १५४ मिमी उरतात, तिथे १४५ मिमी लांबीची आधारपट्टी येईल. कागद या पट्टीवरून सरकतो, त्यामुळे तिच्या दोन्ही कडा खाली वळवून कानस आणि बारीक पॉलिशपेपर मारा. धारदार कड राहिली तर प्रत्येक जोड तिथेच अडकणार. पट्टीला काळा मॅट रंग, नाहीतर दुपारी उन्हात कागदाच्या बाजूने चमक मारते.

खिडकी ३ मिमी ॲक्रिलिक, दिसणारा भाग १४० बाय ८० मिमी. ॲक्रिलिक आणि कागदात २ मिमी अंतर ठेवा. चिकटून बसलं तर दमट हवेत कागद काचेला ओढला जातो. भोकं पाडताना वरची संरक्षक फिल्म काढू नका, ड्रिल सावकाश चालवा, आणि भोक स्क्रूपेक्षा अर्धा मिमी मोठं ठेवा. उन्हात उभ्या गाडीत ॲक्रिलिक ताणतं. भोक अगदी घट्ट असेल तर तिथूनच तडा जातो.

रोलर १२ मिमी ॲल्युमिनियम सळीचे, दोन्ही बाजूंना नायलॉनचे बुश, बाहेर ३० मिमीचं नॉब ग्रब स्क्रूने. आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: दोन्ही रोलर मोकळे फिरले तर पहिल्याच खड्ड्यात कागद सैल पडतो आणि नॉब फिरवला तरी ओळ हलत नाही. ज्या रोलरवरून कागद सुटतो त्याला अडसर हवा. नॉब आणि पेटीची भिंत यांच्या मधे फेल्टचा वॉशर आणि त्यावर हलकी स्प्रिंग घाला. बोटाने फिरला पाहिजे, आपोआप फिरता कामा नये. परत मागे फिरवायचं असल्यामुळे दोन्ही बाजूंना हे करावं लागतं.

कागद रोलरला चिकटवताना गुण्यात काटकोन धरून मास्किंग टेप लावा. सुरुवातीला एका अंशाचा तिरकेपणा म्हणजे दोन-तीन फेऱ्यांत कागद चकतीला घासणार. ए४ च्या पट्ट्या जोडून करणार असाल तर प्रत्येक जोडात ७ मिमी एकावर एक धरून अठरा पट्ट्या लागतील. टेप फक्त मागून, आणि वरच्या पट्टीची कड कागद पुढे सरकण्याच्या दिशेच्या उलट बाजूला येऊ द्या.

---

कोलशेतकर_११००

दोघांचेही आभार, एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक शंका: दुकानातल्या बिलाचा थर्मल रोल ८० मिमीच्या आसपास रुंदीचा आयता मिळतो. जोड टाळता येतील. चालेल का? आणि रात्री वाचायला दिवा कुठला?

---

वागळे_फिटर

थर्मल रोल नको. तो उष्णतेनेच छापतो, त्यामुळे मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला की करडा पडत जातो आणि लिहिलेलं दिसेनासं होतं. सॅनिटायझरचा थेंब लागला तरी डाग. प्रदर्शनात शंभर हात लागणार, म्हणून तर मुळीच नको. त्याच रुंदीचा साधा कागदी रोल मिळतो, किंवा प्लॉटर रोल प्रेसमध्ये कापून घ्या.

लिहायला पिगमेंट शाईचं पेन किंवा २बी पेन्सिल. जेल पेन गुंडाळीत मागच्या बाजूवर उमटतं. दिव्यासाठी १२ व्होल्टची एलईडी पट्टी, खिडकीच्या वरच्या कडेला आत लपवलेली, डिमरसकट आणि १ अँपिअरच्या फ्यूजसह. पांढरा झगझगीत दिवा असेल तर नॅव्हिगेटरने मान वर केली की अंधारात काही क्षण काहीच दिसत नाही, म्हणून पिवळसर आणि मंद. लाल दिवा लावलात तर लाल शाईच्या खुणा नाहीशा होतात हे लक्षात ठेवा. आत सिलिका जेलची एक पुडी टाका आणि झाकणाच्या कडेला फोमची पट्टी.

---

पारसिक_नॅव्ही (नवी मुंबई)

गुंडाळीवर ओळी किती मावतात ते आधी ठरवा. सुरुवातीला आणि शेवटी ३० सेंमी कोरा कागद सोडला की ४.४ मीटर उरतो. ओळीला १२ मिमी धरले तर ३६६ ओळी, आणि खिडकीत एका वेळी अकरा दिसतात. मुरबाडच्या रॅलीला हे भरपूर झालं. ओळीत डावीकडे एकूण अंतर, मधे वळणाची बाण-आकृती, उजवीकडे मागच्या खुणेपासूनचं अंतर. बस्स. त्यात दुकानांची नावं, झाडं, बोर्ड भरू नका. नौपाडावाल्यांनी सांगितलं ते इथे जसंच्या तसं लागू आहे: जिथे निर्णय घ्यायचा तेवढंच लिहायचं.

आता टीएसडी. इथे वेगाचं कौतुक नाही, दिलेली सरासरी सेकंदाला सेकंद पाळायची असते. आजची मिले मिलियाही १९७७ पासून अशीच नियमिततेची स्पर्धा आहे. तिथे रस्त्यावर आडव्या टाकलेल्या हवेच्या नळीवरून चाक जातं आणि वेळ शंभराव्या सेकंदापर्यंत मोजली जाते. म्हणून "हीच शर्यत का" याचं उत्तर: शहर तेच, रोमला जाऊन परत येणं तेच, गाड्या त्या काळच्या, पण शर्यत नव्हे.

किलोमीटरला लागणारे सेकंद म्हणजे ३,६०० भागिले सरासरी. ३२ ला ११२.५ सेकंद, ३६ ला १००, ४० ला ९०, ४५ ला ८०. ही चार ओळींची तालिका पेटीच्या झाकणावर आतून चिकटवून टाका. ३६ ची सरासरी शिकायला सगळ्यात सोयीची, कारण सेकंदाला बरोबर १० मीटर. आणि भरून काढण्याचा हिशोबही सरळ: ३६ च्या टप्प्यात २० सेकंद मागे पडलात तर ४० ने चालवून किलोमीटरला १० सेकंद मिळतात, म्हणजे २ किमीत जागेवर. एकदम ६० ला नेऊन पुढे थांबून राहणं हा नवख्यांचा नेहमीचा प्रकार. वाटेत लपलेला तपासनाका असेल तर लवकर पोचल्याचा दंड बसतो.

खरी गडबड ओडोमीटरमध्ये असते. १४ इंची रिमवर १६५/८० टायर काढून १८५/७० घातला तर व्यास ६१९.६ वरून ६१४.६ मिमी होतो, म्हणजे ०.८ टक्के कमी. चाक जास्त फिरतं, मीटर जास्त दाखवतो. ३० किमीवर २४० मीटरचा फरक, ३६ च्या सरासरीत २४ सेकंद. तुम्ही अचूक चालवूनही हरता. शिवाय जुन्या मीटरवर शेवटचा आकडा १०० मीटरचा असतो, म्हणजे १० सेकंदांची अनिश्चितता मुळातच आहे.

उपाय एकच, आयोजकांनी दिलेल्या अंतर-तपासणीच्या टप्प्यावर जा. दोघं जण बसलेले, टायर चालून गरम झालेले, हवेचा दाब रॅलीच्या दिवशीचाच. त्यांचं अंतर भागिले तुमच्या मीटरचं अंतर हा गुणक काढा आणि गुंडाळीवर अंतरं लिहिताना प्रत्येक आकड्याला त्याने भागून, म्हणजे तुमचा मीटर जे दाखवेल तेच लिहा. गाडीत बसून गुणाकार करत बसू नका. महामार्गाच्या दगडांवर विसंबू नका, रुंदीकरणात ते हललेले असतात. जीपीएस घाटात वळणं कापतो आणि अंतर कमी भरतं.

---

नौपाडा_गॅरेज

फियाटचं राहिलं होतं. आजच्या मिले मिलियाला १९२७ ते १९५७ मधल्या शर्यतींत धावलेली मॉडेलंच पात्र धरतात. डुक्कर फियाट म्हणजे ११००/१०३, मूळ मॉडेल १९५३ चं, आणि ते मॉडेल तिथे धावलेलं आहे. पद्मिनीचं मूळ ११००डी, ते १९६२ चं, म्हणजे शर्यत संपल्यावरचं. प्रदर्शनात कोणाची डुक्कर फियाट मिळाली तर ती याच टेबलाशेजारी उभी करा. लोकांना तोंडात बोट घालायला लावणारी गोष्ट आहे ती, की कुर्ल्याला जुळणी झालेल्या गाडीची बहीण ब्रेशियाहून सुटली होती.

आणि नुव्होलारीची दिवे बंद करण्याची गोष्ट फलकावर टाकणार असाल तर जपून. १९३० मध्ये त्याने आखिले व्हार्झीला चकवण्यासाठी अंधारात दिवे विझवून गाठलं असं सांगतात. गोष्ट रंगत गेलेली आहे. सुटण्याच्या वेळा बघा: नुव्होलारी व्हार्झीच्या दहा मिनिटं मागून सुटला होता. म्हणजे व्हार्झीचे मागचे दिवे दिसायला लागले तेव्हाच तो घड्याळात पुढे होता, ओलांडलं नसतं तरी जिंकला असता. अंतर राखून सोडण्याच्या शर्यतीत "कोण पुढे" हे डोळ्यांना दिसत नाही, लोकांना समजवायला हे उदाहरण उत्तम आहे.

---

ऐरोली_सेक्टर८

परवानगीचं कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी गुन्हा आहे. टीएसडीमध्ये वेगाची स्पर्धा नसली तरी पत्रात तसं स्पष्ट लिहा, प्रत्येक टप्प्याची सरासरी जोडा आणि कुठेही वेगमर्यादा ओलांडावी लागत नाही हे दाखवा. मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संस्था एफएमएससीआय, तिच्याकडे नोंदणीची गरज आहे का ते आधी विचारून घ्या.

तुमच्या मार्गात तीन पोलीस हद्दी येतात: ऐरोली नवी मुंबई आयुक्तालयात, ठाणे आणि कल्याण ठाणे शहर आयुक्तालयात, मुरबाड ठाणे ग्रामीणकडे. एकाच कार्यालयात अर्ज देऊन भागणार नाही. तिघांनाही मार्ग, वेळ, गाड्यांची यादी आणि विम्याच्या प्रती लागतील. वेळेचे टप्पे मुरबाडच्या पुढेच ठेवा. शिळफाटा किंवा कल्याणमध्ये कुठलीच सरासरी टिकत नाही, तो भाग नुसता प्रवासाचा धरून भरपूर वेळ द्या.

---

कोलशेतकर_११००

ठरलं. ८० मिमीचा साधा रोल, दोन्ही बाजूंना फेल्ट वॉशर, आणि प्रदर्शनासाठी वेगळी गुंडाळी: ब्रेशिया, व्हेरोना, राव्हेन्ना, पेस्कारा, रोम, फ्लोरेन्स, बोलोन्या, क्रेमोना, मान्तुआ, ब्रेशिया, असा १९५५ चा क्रम. रॅलीची गुंडाळी स्वतंत्र.

---

वागळे_फिटर

प्रदर्शनाच्या गुंडाळीवर शेवटच्या ३० सेंमीत दोन्ही टोकांना जाड लाल पट्टा ओढा आणि नॉबजवळ फिरवण्याच्या दिशेचे बाण लावा. मुलं टोक आलं तरी फिरवत राहतात, टेप सुटते आणि मग पेटी उघडल्याशिवाय इलाज नसतो. झाकणाला रिव्हेट न मारता चार एम३ स्क्रू ठेवा, एक स्क्रूड्रायव्हर आणि मास्किंग टेपची गुंडी टेबलाखाली असू दे. पाच मिनिटांत परत चालू होईल.